जुनी वाट कुठली?

वाट जिथे फुटत होती तिथे नकाशेमामा थबकले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण डावा फाटा जुना की उजवा, हे काही केल्या आठवेना.

वनखात्याचे साहेब रंगाचा डबा घेऊन उभे होते. पूर्वजांच्या पायांनी झिजलेली ही डोंगरवाट आज संरक्षित व्हायची होती. ज्या फाट्यावर खूण पडेल तो राहणार. दुसरा झाडं लावून बुजवणार.

"बोला मामा, कुठला?"

"डावा. कडेचे दगड बघा ना, किती जुने."

"अहो भावोजी, ते आपणच बसवलेत!" मागून वहिनी म्हणाल्या.

"मग उजवा."

"तेही आपणच. दरड कोसळली तेव्हा सामान न्यायला एक वाट काढली, मग जुनी दुरुस्त केली. विसरलात?"

"मग सामानाची कुठली?"

वहिनींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पुन्हा डावीकडे पाहिलं.

आपला हात लागलेला दिसता कामा नये, हा मामांचाच हट्ट. दगड बसवताना शेवाळाची बाजू वर, पहारीचा ओरखडा मातीने झाकायचा. दुरुस्तीला आलेल्या गावच्या मंडळींनी इतकं मन लावून काम केलं, की सामानाच्या वाटेलाही तोच नियम लावला. वर पावसाळे गेले. जुन्या नकाशात रेघ होती, पण तिच्या जाडीत दोन्ही फाटे आरामात मावत होते.

मामा गुडघ्यांवर बसले. त्यांनी माती हुंगली. मातीला मातीचाच वास होता.

"एक सांगून टाका हो," साहेब कंटाळून म्हणाले. "तुम्ही म्हणाल तीच जुनी. कोण विचारतंय?"

मामांना नेमकी त्याचीच धास्ती वाटली. उद्या कुणीच विचारणार नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

साहेबांनी डब्याचं झाकण दाबलं. "पावसाच्या आत कळवा. नाहीतर लाकूडवाले इथून रस्ता काढतील, मग मला बोल लावू नका."

साहेब उतरून गेले.

"आता बसवलेलं सगळं उपसा," वहिनी म्हणाल्या. "खाली जुनी फरसबंदी लागली तर लागली."

मामांनी पहार उचलली, दोन पावलं डावीकडे गेले, परत फिरले. "वहिनी, आधी कुठला?"

"मला काय विचारता!" वहिनी खेकसल्या आणि धपकन उजवीकडच्या दगडावर बसल्या.

मामांनी तोच कौल मानला आणि मोकळ्या राहिलेल्या डाव्या फाट्यापासून सुरुवात केली.