टटलचं खातं

मी एक खतावणी बोलतेय. मेंढीच्या कातड्यात बांधलेली, चांगली जाडजूड. जरा हळू बोलते, कारण माझी शिवण उसवलीय. भराभरा पानं उलटणाऱ्यांचा मला जन्मभर राग आलाय, तेव्हा निवांत बसणार असाल तरच ऐका.

माझे कागद जुन्या सदऱ्यांच्या आणि चादरींच्या चिंध्यांचे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या एका बांधणीवाल्याने मला शिवलं आणि ॲसाहेल बिडवेल नावाच्या दुकानदाराने मला घोड्यावर टाकून नदीकाठच्या आपल्या गावी आणलं. पहिल्या पानावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं, त्याखाली देवाचं, आणि त्याखाली लगेच मीठ, दोन शिलिंग.

देशाने डॉलर काढून बरीच वर्षं झाली होती. ॲसाहेल मात्र जुन्या इंग्रजी शिलिंगातच लिहायचा. ‘टिकतो का बघू आधी,’ म्हणायचा. बघता बघता म्हातारा झाला.

नाणी गावात फारशी दिसायचीच नाहीत. कुणी लोणी आणायचं, कुणी लोकर, कुणी दिवसभर बैलजोडी द्यायचं. ॲसाहेल त्याची किंमत ठरवून उजव्या पानावर जमा लिहायचा. मग त्या माणसाने चहा, खिळे, काकवी किंवा रम नेली की ते डाव्या पानावर नावे. चर्चमधले वडीलधारे रमला सर्दीचं औषध म्हणायचे. माझ्यात रमच लिहिलेली आहे. लोणी घुसळायच्या बायका आणि जमा व्हायचं नवऱ्यांच्या नावावर. हा नियम कुणी केला कोण जाणे. केला त्याने लोणी कधी घुसळलं नसावं.

आता इथली एक रीत सांगते. चांगले शेजारी एकमेकांचा हिशेब कधी मिटवत नसत. खातं उघडलं की चालू राहायचं, आज याची बाकी, उद्या त्याची. हिशेब मागितला याचा अर्थ एक तर माणूस मेला, नाही तर भांडला, नाही तर गाव सोडून निघाला. मग दोघे समोरासमोर बसायचे, आपापल्या वह्या मोठ्याने वाचायचे, हुज्जत घालायचे, आणि शेवटी एक ओळ लिहून दोघे खाली सह्या करायचे: ‘जगाच्या आरंभापासून आजच्या दिवसापर्यंतचे आमचे सर्व हिशेब मिटले.’ जगाच्या आरंभी हे दोघे काय देवघेव करत होते, ते विचारायची सोय नव्हती. त्यानंतर पानावर भली मोठी फुली. फुली पडलेलं पान पुन्हा कुणी उघडत नाही.

माझ्यातलं सगळ्यात लांबलचक खातं शेजारच्या झेडॉक टटलचं. तो पिंपं बनवायचा. रोज संध्याकाळी दुकानात येऊन शेगडीजवळ बसायचा आणि ॲसाहेलशी कशावरूनही भांडायचा: हवा, पाद्री, गाईचं वय. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. हे दोघांनाही मान्य नव्हतं.

मग ते वर्ष आलं, ऐन उन्हाळ्यात, जूनमध्ये बर्फ पडलेलं. मका काळा पडला. पुन्हा पेरला, तोही गारठून गेला. लोक गाड्या भरून दूर पश्चिमेला, ओहायोकडे निघाले. ॲसाहेल दुकानाच्या दारात उभा राहून त्यांच्या नावाने बोटं मोडायचा.

“पळपुटे लेकाचे! एक वर्ष मका आला नाही तर बापजाद्यांची थडगी टाकून चालले!”

झेडॉक शेगडीकडे बघत बसायचा. हल्ली तो भांडतही नव्हता.

ऑक्टोबरात एका सकाळी तो आपली वही काखेत मारून आला आणि म्हणाला, “ॲसाहेल, हिशेब करून टाकू.”

ॲसाहेलच्या हातातला तराजू तसाच राहिला. आदल्या आठवड्यात त्याने चार गिऱ्हाइकांदेखत ‘झेडॉकचं पिंप गळतं’ म्हटलं होतं. त्याच्या डोक्यात तेच आलं.

“पिंपावरून एवढा राग?”

“राग नाही.”

“मग काय?”

“हिशेब करू, एवढंच.”

“करू की! मला काय भीती आहे?” ॲसाहेल म्हणाला. त्याला भीती वाटत होती. मला कळत होतं, कारण त्याचा हात माझ्यावर होता आणि घामाने पान ओलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघे बसले. झेडॉक शांतपणे वाचत होता. त्या शांतपणाने ॲसाहेल आणखीच चिडला आणि कधी न लिहिलेल्या गोष्टी लिहायला लागला. घोडा दिला होता, बहिणीकडे जायला. लिही. डुक्कर खारवायला मदत केली होती. लिही. शेजारधर्माच्या गोष्टी त्या, त्यांना कुणी किंमत लावत नसे. मला तर लाज वाटली, पण वहीला विचारतं कोण?

झेडॉक प्रत्येक वेळी म्हणत होता, “बरोबर आहे. लिही.”

ॲसाहेलची बायको मेहिटाबेल दाराशी सूत कातत बसली होती. तिने चाक थांबवलं.

“अहो, एवढं सगळं आठवतंय ना? मग आपल्या लोइसची पेटी पण लिहा. केवढ्याला धरताय?”

लोइस त्यांची पाच वर्षांची मुलगी. घशाच्या साथीत गेली तेव्हा भीतीने कुणी घरात पाऊल टाकलं नव्हतं. झेडॉक छोटी शवपेटी करून घेऊन आला होता आणि त्यानेच तिला आत ठेवलं होतं.

“वहिनी, ते राहू द्या,” झेडॉक म्हणाला.

ॲसाहेलने लेखणी खाली ठेवली.

“का रे करतोयस हे?” शेवटी त्याने विचारलं.

“ओहायोला चाललोय. सोमवारी. पोरांना खायला नाही, ॲसाहेल. तू रोज पळपुटे पळपुटे करायचास. मग माझं तोंडच उघडेना.”

“अरे गाढवा, मी बाकीच्यांना म्हणत होतो!”

मग ॲसाहेलने घोडा खोडला, डुक्कर खोडलं. जे उरलं त्यात झेडॉकच थोडं देणं लागत होता. तेवढ्यापोटी त्याने आणलेलं नवं पिंप जमा झालं. ते गळत नव्हतं, हे ॲसाहेलने मोठ्याने सांगितलं. जगाच्या आरंभापासूनची ओळ लिहिली, सह्या झाल्या. फुली मारताना लेखणी कागदातून आरपार गेली. अजून भोक आहे तिथे.

झेडॉक उठला. ॲसाहेलने कोरं पान काढलं, वर लिहिलं ‘झेडॉक टटल’, खाली लिहिलं ‘खिळे, दोन पाऊंड’ आणि खिळ्यांची पिशवी त्याच्या छातीवर दाबली.

“घे. वाटेत गाडीला लागतील.”

“आता तर मिटवला ना हिशेब!”

“तो मिटला. हा नवा आहे.”

“ओहायोतून फेडू कसा?”

“ते तुझं तू बघ. देणेकरी आहेस माझा. मान वर करून बोलू नकोस.”

झेडॉक हसला, बाहीने नाक पुसलं, आणि खिळे घेऊन गेला.

तो पुन्हा आला नाही. दर नव्या वर्षी ॲसाहेल त्याचं खातं उघडायचा आणि ताज्या पानावर लिहायचा: ‘टटल, खिळे. बाकी पुढे नेली.’

“अहो, खिळ्यांपेक्षा कागद महाग पडला,” मेहिटाबेल म्हणाली.

“तू गप्प बस. माणूस येईल तेव्हा पान सापडायला नको?”

ॲसाहेल गेला तेव्हा कोर्टाने नेमलेले लोक घरातल्या वस्तूंची किंमत करायला आले. त्यांनी लोणी घुसळायची रवी मोजली, भांडी मोजली, मला चाळलं. टटलच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, ‘बुडीत’. माणसं हुशार होती आणि त्यांचं बरोबर होतं.

ती गेल्यावर मेहिटाबेलने लेखणी घेतली. जन्मात तिने सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तिने तो शब्द खोडला. नव्या वर्षी वाकड्यातिकड्या अक्षरांत, नवऱ्याची ओळ बघून बघून तिने लिहिलं: ‘बाकी पुढे नेली.’ पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही.

मग माझं शेवटचं पान आलं. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं, कोपरा कुठे कोरा आहे का ते शोधलं. नव्हता. तेव्हा अगदी तळाशी, अक्षरं बारीक करून तिने लिहिलं: ‘नव्या वहीत नेली.’

आता मी गावच्या संग्रहालयात एका खोक्यात असते. शिकलेली, चांगली माणसं येतात, मला अलगद हाताळतात आणि शेवटची ओळ वाचून विचारतात, “पुढची वही कुठे आहे हो?” तिथली बाई बिचारी दर वेळी सगळी कपाटं शोधते.

पुढची वही नाही. त्या हिवाळ्यात मेहिटाबेल गेली. तिने नवी वही घेतलीच नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच. तुम्ही माझी बेरीज कराल, ती जरूर करा. पण टटलचे खिळे बुडीत धरू नका. तो शब्द खोडलेला आहे, नीट बघा.