माती सांडू नये म्हणून

मित्रांनो, मी एक म्हातारी पेशी आहे. पेठ वडगावच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या अंगणात एक पिंपळ आहे. त्याच्या एका मुळाच्या अगदी टोकाशी माझं ठाणं. नुसत्या डोळ्यांना मी दिसायची नाही. मला कानही नाहीत. तरी वर कोणी भांडलं, हसलं, पाय आपटला, की मातीतून माझ्यापर्यंत पोचतं. आणि आमच्या वस्तीत हळू बोलायची पद्धतच नाही.

आधी आमच्या टोकाचा कारभार सांगते. माझ्या भोवतीच्या तरुण पेशींना दम म्हणून धरवत नाही. एकीच्या दोन, दोघींच्या चार, असं त्यांचं सारखं चाललेलं. त्यांतल्या ज्या मागे राहतात त्या लांब होतात, आणि त्यांच्या लांब होण्यानेच आमचं टोक पुढे ढकललं जातं. मग वयात आल्यावर कोणी पाणी वाहणारी नळी होते, कोणी मुळाची साल होते, कोणी केसाएवढा हात मातीत घालून ओल शोधते. ज्या पुढे राहतात त्यांची टोपी होते. खडे-वाळू घासून त्या झिजतात, बुळबुळीत होऊन गळतात आणि मागच्यांची वाट सोपी करून जातात. त्यांच्या जागी लगेच नव्या येतात. आणि मी? मी मधोमध स्वस्थ. क्वचित कधी विभागते. शेजारणी मला आळशी म्हणतात. म्हणोत बापड्या. घरात एखादं म्हातारं माणूस हातचं राखून बसलेलं लागतं. टोक ठेचलं तर नवं टोक उभं करायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं.

माझा जन्म नागपूरचा. एकोणीसशे एक्क्याण्णव साल, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. दसऱ्याला वडगावची मंडळी दीक्षाभूमीला गेली, त्यांत बायडाबाई होत्या. दुसऱ्याच्या रानात भांगलणीला, तण काढायला जाऊन त्यांचा जन्म गेलेला. तिथली मूठभर माती त्यांनी पदरात बांधून घेतली. नागपुरातल्या एका नातेवाइकाने आपल्या अंगणात वाढवलेलं पिंपळाचं रोप दिलं, तेव्हा ती माती त्यांनी रोपाच्या पिशवीत घातली. पिशवी कसली, खताच्या पोत्यासारखं जाड प्लास्टिक होतं ते. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये त्या आम्हाला मांडीवर घेऊन बसल्या. शेजारचा प्रवासी म्हणाला, “मावशी, खाली ठेवा की.” त्या म्हणाल्या, “लेकराला खाली ठेवत्यात व्हय?”

मला वाटलं, मुळाला आणखी काय हवं!

विहाराच्या अंगणात खड्डा काढला. बायडाबाईंचा मुलगा जयसिंग, कबनूरला यंत्रमागावर कामाला, तो त्या दिवशी सुट्टी काढून आला होता.

“आये, पिशवी फाडून लाव की. मुळं कोंडत्यात,” तो म्हणाला.

“अन् माती सांडली मंजी? नागपूरची माती हाय ती. एक कण हिकडंतिकडं जायाला नको.”

“सांडली तरी खड्ड्यातच पडणार न्हवं?”

“तू गप. तळाला चीर मार. तिथनं जातील मुळं.”

जयसिंगने मुकाट्याने तळाला चीर मारली. मिरचीची, वांग्याची किती रोपं बायडाबाईंच्या हातांनी लावली असतील! रानात एखाद्या पोरीने पिशवीसकट रोप पुरलं असतं, तर बायडाबाईंनी तिला फैलावर घेतलं असतं. पण ही माती रानातली नव्हती. माया आली की माणसाची अक्कल बाजूला बसते, याचा मला तेव्हा पत्ता नव्हता.

आम्ही वाढू लागलो. पहिल्याच पावसाळ्यात माझं टोक प्लास्टिकला भिडलं. टोपीच्या पेशी झिजल्या, नव्या आल्या, त्याही झिजल्या. भिंत काही झिजेना. वाट मिळेना तेव्हा आम्ही वळलो. वळलो ते वळतच राहिलो, घाण्याच्या बैलासारखे. काही मुळं तळाच्या चिरेतून बाहेर निसटली, त्यांच्या जिवावर झाड तगलं. बाकीची आम्ही आत एकमेकांवर गुंडाळत गेलो. माझ्या शेजारणी कामात कधी कसूर करत नव्हत्या. रोज नव्या जन्मायच्या, रोज टोक पुढे जायचं; फक्त पुढे म्हणजे कुठे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

वर बायडाबाई रोज कळशीभर पाणी घालायच्या. शेणखत घातलं, ताक घातलं. त्यांची एकच इच्छा होती. बुद्धपौर्णिमेला वंदनेला आलेल्या बायका वैशाखाच्या उन्हात बसतात, त्यांना सावली मिळावी. “एकदा बघायचंय मला,” असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. पाहुणे आले की झाडाला हात जोडायचे, फुलं ठेवायचे. कौतुक भरपूर झालं. सावली मात्र टोपलीएवढीसुद्धा पडेना.

शेजारच्या झुंबरबाई चेष्टा करायच्या. “बायडे, तुजा पिंपळ हाय का तुळस?”

बायडाबाई हसण्यावारी न्यायच्या. मग सगळे गेल्यावर बुंध्याशी बसून पुटपुटायच्या, “काय कमी पडतंय रं तुला?” मित्रांनो, ते ऐकून माझा जीव तुटायचा. कमी काहीच पडत नव्हतं.

अशी बारा वर्षं गेली. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली असताना वैशाखातलं वादळ सुटलं आणि आमचं झाड आडवं झालं. पिंपळ कधी असा पडतो का? लोक धावले. जयसिंगने बुंधा उचलला आणि तसाच उभा राहिला.

“आये, हे बघ.”

पिशवी तशीच होती. आत मुळांची चुंबळ झालेली, आणि तिचे वेढे झाडाच्या गळ्याला आवळलेले.

बायडाबाईंनी त्या वेढ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “मीच गळा दाबला की रं ह्याचा.”

“मी बी परत बोललो न्हाय,” जयसिंग म्हणाला.

“रडती कशाला?” झुंबरबाईंचा आवाज त्या दिवशी मऊ होता. “दुसरं रोप आणू.”

“न्हाय. हे जित्तं हाय. इळा आण.”

त्यांनी स्वतः प्लास्टिक फाडलं. ती माती पायाशी सांडली. कोणीतरी ओंजळीत भरायला वाकलं, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. जाऊ दे सगळीकडं.” मग विळ्याने एकेक वेढा कापला. माझ्या मुळाला विळा निसटता लागला. टोपी गेली, अर्ध्या शेजारणी गेल्या. तेव्हा मी उठले. आयुष्यभर हातचं राखलेलं सगळं काढलं. एकीच्या दोन झाले, पुन्हा झाले, गेलेल्या शेजारणींच्या जागा भरल्या, नवी टोपी घडवली. झाड छाटून, काठ्यांचा आधार देऊन पुन्हा उभं केलं होतं. पहिल्यांदाच माझ्यापुढे मोकळी माती होती, आणि मी सरळ निघाले.

त्या पौर्णिमेला बायका उन्हातच बसल्या. पुढच्याही. त्यानंतरच्या हिवाळ्यात बायडाबाई गेल्या. तोवर फांद्यांना जेमतेम पालवी धरू लागली होती.

आता झाड विहाराच्या कौलांवर गेलंय. बुद्धपौर्णिमेला अंगणभर सावली पडते, बायका दाटीवाटीने बसतात. जयसिंग येतो. सगळे बोलावतात, तरी तो सावलीत येत नाही, फाटकापाशी उन्हातच उभा राहतो. त्याचे पाय मी ओळखते.

म्हणून सांगते मित्रांनो, रोप लावाल तेव्हा पिशवी फाडा, मुळं मोकळी करा. आणि आपलं माणूस मायेपोटी चुकतंय असं दिसलं, तर एकदा सांगून गप्प बसू नका. रागावलं तरी पुन्हा सांगा. तुटलेलं टोक मला नवं करता येतं, पण जयसिंगला त्या उन्हातून आत आणणं मला जमत नाही.