उलट्या लवेचा पट्टा

कातर उघडली होती, पण मिटत नव्हती. टेबलावर डाळिंबी मखमल पसरलेली, खडूची रेघ स्वच्छ दिसत होती आणि मास्तरीणबाईंचा हात मात्र रेघेच्या तोंडाशी येऊन अडून बसला होता.

"टेप झिजेल हो," शिलाई मशीनवरचे काका मान वर न करता म्हणाले. "चौथ्यांदा मोजताय."

"मोजू द्या की. टेप काय तुमच्या घरचा आहे?"

तिने पाचव्यांदा मोजलं. माप तेच आलं. ते कधी चुकलं नव्हतंच. तिने कातर खाली ठेवली आणि कापड पुन्हा गुंडाळून टाकलं.

तीस वर्षं ती या कारखान्यात कापत होती. शिवणारे पुष्कळ होते, कापणारी ती एकटी, म्हणून सगळ्यांची मास्तरीणबाई. डोळे मिटून कॉलर कापेल अशी तिची ख्याती, आणि खरं सांगायचं तर ती ख्याती तिला फार आवडायची. मग नाट्यगृहाच्या दर्शनी पडद्याचं काम आलं. सहा पट्टे, सगळे मखमलीचे. मखमलीला लव असते. तिच्यावरून एका बाजूने हात फिरवला तर मऊ लागते, दुसऱ्या बाजूने फिरवला तर अडते, आणि उलटी लावली तर रंगच बदललेला दिसतो. म्हणून कापण्याआधी तळहात फिरवायचा आणि खडूने बाण काढायचा, हे शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. मास्तरीणबाईंनी पाचव्या पट्ट्यावर बाण काढलाच नाही. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. आठ महिने त्याच्या आजारपणात उशापायथ्याशी जागून ती नुसती उभी होती, एवढंच.

पहिल्या प्रयोगाला दिवे लागले आणि भर पडद्यात एक पट्टा धुवून विटल्यासारखा फिका दिसला. लोक हसले. खालची कड कमानीसारखी कापलेली, त्यामुळे पट्टा फिरवून लावायचीही सोय नव्हती. तेव्हापासून दुधाने पोळलेली मास्तरीण ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. साध्या पिशवीचं कापडही तिला कापवेना.

आता त्याच रंगाचं कापड कसंबसं मिळालं होतं. नेमकं एका पट्ट्यापुरतं.

"सोमवारपर्यंत बघा," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट होतं. "नाही जमलं तर बाकीच्या कामासारखं हेही बाहेर कापायला देतो. तुम्ही बटणांच्या टेबलावर बसा. आरामात."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. 'आरामात' हा शब्द तिला घरापर्यंत टोचत राहिला.

घरी ताई आलेली होती. ताई म्हणजे थोरली बहीण, निवृत्त नर्स. अजूनही समोरच्या माणसाकडे तो खाटेवर असल्यासारखी बघायची. तिने पाहिलं, धाकटी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खातेय.

"ताट नाही का घरात?"

"एकटीसाठी कुठे मांडत बसू?"

"कधीपासून?"

ती पातेल्याचा तळ खरवडत राहिली. टेबलाला दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची नवऱ्याची, समोरची तिची. रिकाम्या खुर्चीसमोर बसून घास उतरत नाही, हे कुणाला सांगायचं असतं का? पण ताईने ते बरोबर ओळखलं. आणि मग सोमवारची गोष्टही तिच्याकडून काढून घेतली.

"मूर्ख बाई आहे मी, ताई. तीस वर्षांचं नाव पाण्यात घातलं. आता हातात कातर धरायची लायकी नाही माझी."

"काकांची शिलाई वाकडी गेली तर काय म्हणतेस त्यांना?"

"काय म्हणायचंय? उसवा आणि परत घाला म्हणते."

"मूर्ख नाही म्हणत?"

"छे! वयाने मोठे आहेत ते."

"मग स्वतःला का म्हणतेस? तू काय रस्त्यावर पडली आहेस?" ताईने ताट घेतलं आणि आपटलंच टेबलावर. "त्या मखमलीवर इस्त्री टेकवू देत नाहीस कुणाला. लांबून वाफ देतेस, टांगून ठेवतेस, घडी पडू देत नाहीस. स्वतःला मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकलंयस. बस. आधी पोटोबा."

ती बसली, आपल्याच खुर्चीवर, त्याच्या खुर्चीकडे न बघता. भात गार होता, पण गिळला.

पुढचे पाच दिवस ताईने तिचा पिच्छा सोडला नाही. डोळे तपासून आणले. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला आणि मास्तरीणबाईंना पहिल्यांदा कळलं, की सगळाच दोष काही आपल्या अकलेचा नव्हता. रात्री दहाला दिवा बंद. सकाळी कोमट पाण्यात हात, मग तेल, एकेक बोट चोळून. "नवरीसारखं काय हे," ती कुरकुरायची. "नवरीचे हात काय कामाचे? हे कामाचे आहेत," ताई म्हणायची. मन काही पाच दिवसांत बदलत नाही. पण शनिवारी जुन्या चादरीची खोळ शिवताना टीप वाकडी गेली, तेव्हा तिच्या तोंडून "मूर्ख" निघता निघता "उसवू की, त्यात काय" असं निघालं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

सोमवारी ती चालत कामावर गेली. न्याहारी बसून झालेली होती. मखमल पसरली, तळहात फिरवला. मऊ. उलटा फिरवला. अडला. तिने खडूने बाण काढला, चांगला हातभर मोठा, आंधळ्यालाही दिसावा असा. माप एकदा घेतलं. टेप पुन्हा उचलावा असं वाटलंच, भीती कुठे गेली नव्हती. तिने टेप गुंडाळून काकांच्या मशीनवर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्याकडेच असू द्या. झिजतोय ना?"

आणि कातर चालू झाली. सरळ कडेवरून खाली, कमानीपाशी वळून, न थांबता. काकांनी मशीन बंद केलं होतं. कापड कापतानाचा तो करकर आवाज त्यांनी चार महिने ऐकला नव्हता. पट्टा सुटून आला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "आणा इकडे. वाट बघून पाय आखडले माझे."

बुधवारी पडदा चढला. नाट्यगृहात सगळे दिवे लावले आणि ती मधल्या रांगेत जाऊन बसली. सहा पट्टे, एक रंग. नवा कुठला ते मालकांना ओळखता येईना. तिला येत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही.

"तो जुना पट्टा फडक्यांना काढतो," मालक म्हणाले.

"मला द्या."

"उलट्या लवेचा? काय करणार त्याचं?"

"बघते."

रविवारी तिने तो कापला, चष्मा लावून, सावकाश. ताई आपल्या घरी परत गेली होती. दुपारी तिने ताट वाढलं, मीठसुद्धा वाढलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर डाळिंबी मखमलीची नवी गादी घातली. तिच्यावरून एकदा हात फिरवला, लव अडली तशी दुसऱ्या बाजूने फिरवला. मग तीच खुर्ची पुढे ओढून ती तिच्यावर बसली, आणि शेवटच्या घासापर्यंत जेवली.