ढब्बूचे दात आणि माझे गज

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. उजवीकडच्या तीन गजांवर माझा हिरवा रंग उरलेला नाही. तो दातांनी खरवडला गेला. पण ते पुढे. आधी मी जन्माला तर येतो!

एका वेल्डरच्या शेडमध्ये मी जन्मलो. डोळ्यांवर काळी काच लावून तो एकेक गज जोडत होता आणि ठिणग्या माझ्याच अंगावर नाचत होत्या. त्याने मला उंचच उंच बांधलं, आत बसायला दोन दांड्या टांगल्या, कारण मी पोपटासाठी होतो. काम झाल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाला, "हत्ती आला तरी वाकणार नाही!" हत्ती काही आला नाही. पोपटही आला नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात मी दोन वर्षं धूळ खात उभा राहिलो.

मग एक शिंपी आला. सोबत त्याची मुलगी, आणि तिच्या हातात बुटांचं खोकं. खोक्यात आदल्या दिवशी याच दुकानातून नेलेला गुबगुबीत, बिनशेपटीचा गिनीपिग, ढब्बू. मुलीचं तोंड क्षणभरही बंद नसायचं, म्हणून शिंपी तिला बडबडीच म्हणायचा.

"बाबा, हाच! दोन मजली बंगला वाटतो!"

"घेऊ या की," शिंपी म्हणाला.

हा शिंपी माप दोनदा घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नसे. मला मात्र त्याने नुसत्या नजरेने पसंत केलं. मी खूश! अखेर कुणाच्या तरी कामाला आलो होतो.

पहिले दोन महिने झकास गेले. येणारा-जाणारा म्हणे, वा, काय ऐटबाज पिंजरा आहे. मग शाळेची सुट्टी संपली, बडबडी दिवसभर दिसेनाशी झाली, आणि एके दिवशी ढब्बूने माझ्या गजात दात रोवले. खर्रर्र, खट. खर्रर्र, खट.

माझ्या खोलीत पडद्याआड एक कॉट होती. तिथे बडबडीची आत्या झोपायची. ती नर्स होती. रात्रपाळी करून सकाळी घरी यायची आणि दिवसा झोपायची. म्हणजे तसा प्रयत्न करायची.

"झालं याचं सुरू! बडबडे, तुझ्या त्या करवतीला आवर गं!"

बडबडी घरात असली की काकडीचा तुकडा घेऊन धावायची. काकडी संपेपर्यंत शांतता. मग पुन्हा खर्रर्र.

"दात वाढत असतात त्याचे, शिवशिवत असतील," शिंपी म्हणाला, आणि त्याने लाकडाचा तुकडा ठेवला. ढब्बूने लाकूड मन लावून कुरतडलं आणि परत माझ्याकडे आला. गजांना चिंध्या गुंडाळल्या, त्या त्याने ओढून काढल्या. लिंबाचा रस चोळला, तो चाटूनपुसून साफ केला.

"लिंबूही आवडलं बेट्याला!" शिंप्याने कपाळावर हात मारला.

मला दुखत नव्हतं. लोखंडाला कसलं आलंय दुखणं! उलट मी ताठ उभा राहून मनात म्हणायचो, चाव बाबा चाव, हत्तीलाही न वाकणारा आहे मी.

एका सकाळी आत्या आली ती खुर्चीत कोसळलीच. "दादा, आज माझ्या हातून एका पेशंटला दुसऱ्याचीच गोळी जाणार होती. ऐनवेळी लक्षात आलं. डोळे उघडे राहत नाहीत रे माझे. रविवारपर्यंत हा गप्प झाला नाही, तर दुकानात परत द्यायचा."

  त्या दिवशी बडबडीने बुटांचं ते खोकं शोधून काढलं आणि पुसून ठेवलं.

शनिवारी शाळा नव्हती. निरोपाचा दिवस समजून ती सकाळपासून माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि हलक्या आवाजात ढब्बूला शाळेतल्या सगळ्या भानगडी सांगू लागली. ढब्बू कान देऊन ऐकत होता. ती पाणी प्यायला उठली. खर्रर्र! ती परतली. चिडीचूप.

पडदा सरकला. "थांब," आत्या म्हणाली. "पुन्हा ऊठ बघू."

बडबडी उठली. खर्रर्र.

"बस."

शांत.

"अगं, हा तर माझा बारा नंबर!"

"कोण बारा नंबर?"

"वॉर्डातले एक आजोबा. दर दहा मिनिटांनी बेल वाजवतात. जाऊन विचारलं की म्हणतात, उशी सरकली. उशी असते जागच्या जागी! कुणीतरी यावं म्हणून वाजवतात गं. आणि इथे तू बेल वाजली की काकडी घेऊन धावतेस. मग का नाही वाजवणार तो?"

गळ्यात टेप अडकवून शिंपी दारात उभा होता. तो खाली बसला आणि पहिल्यांदाच त्याने माझं माप घेतलं. उंची साडेतीन फूट. तळ दीड फूट बाय एक फूट. ढब्बू चार पावलं चालत होता आणि वळत होता, चार पावलं आणि वळत होता.

"दादा," आत्या म्हणाली, "पोपटाचा सदरा घातलास की रे याला!"

शिंपी हसला नाही. त्याने टेप हळूच गुंडाळला.

दुपारी कापड बेतायचं जुनं टेबल उलटं झालं. चार पाय वर, भोवती जाळी, आत पळायला चांगली ऐसपैस जागा. रविवारी सगळे ढब्बूला घेऊन दुकानात गेले खरे, पण त्याला परत द्यायला नाही. दुकानदाराने दोन-तीन गिनीपिग आळीपाळीने त्याच्याजवळ सोडून पाहिले. ज्याच्या नाकाला नाक लावून ढब्बू निवांत बसला, तो सोबती घरी आला.

आता त्या खोलीत एकच आवाज असतो, आत्याच्या घोरण्याचा. बारा नंबरच्या आजोबांकडे ती हल्ली बेल वाजायच्या आधीच चक्कर मारते म्हणे.

आणि मी? मला आडवं करून त्या टेबलातच ठेवलंय. दार काढलंय, पोटात गवत भरलंय. ढब्बू रोज येतो, माझ्या गजांमधून गवताची काडी ओढतो, पण गजांना दात लावत नाही. एवढा मजबूत म्हणून मी मिरवत होतो, पण त्याला मला मोडायचं नव्हतंच. तो दार वाजवत होता.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी गज कुरतडत असेल, तर गजांना लिंबू चोळू नका. आधी जागेचं माप घ्या. आणि मग थोडा वेळ समोर मांडी घालून बसा.