कॅप्टन परत आला

दातांच्या डॉक्टरला थोडंफार खोटं बोलता यावंच लागतं. "मुळीच दुखणार नाही हं," असं म्हणण्यात ताईचा अर्धा जन्म गेला होता आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी दुपारी भावाच्या घरी बसल्या बसल्या तिला तिचीच एक जुनी थाप जड जायला लागली. कारण समोरच्या टीपॉयवर होतं: एक निळं खोकं.

खोक्यात त्यांच्या लहानपणची जपानी कार्टून मालिका होती. अंतराळयान, त्याचा मिशाळ कॅप्टन आणि सदा कुरकुरणारा एक यंत्रमानव. इतक्या वर्षांनी कंपनीला जाग आली आणि सगळे भाग धुऊनपुसून डिस्कवर निघाले. भावजयीने ते नवऱ्याला वाढदिवसाला दिलं, आणि तेव्हापासून दर रविवारी सगळं घर टीव्हीपुढे ठाण मांडून बसत होतं. आज शेवटची डिस्क होती. भाऊ म्हणजे घरातला ढब्बू. आता चांगला सहा फुटी, लिफ्ट दुरुस्त करणारा बाप्या झाला होता. पण सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

कारण शेवटचा भाग त्याने पाहिलाच नव्हता. तो लागला तेव्हा स्वारी गोवराने फणफणलेली. डोळ्यांना उजेड सोसवत नाही म्हणून आतल्या खोलीत पडदे ओढून निजवलेली. ताईने बाहेर तो भाग पाहिला आणि आत येऊन सांगितला.

"कॅप्टन परत आला?" ढब्बूने विचारलं होतं.

"आला ना!" ताई म्हणाली, आणि वर पदरचं तिखटमीठही लावलं. इंजिनच्या खोलीचं दार बंद होतं, कॅप्टन आत अडकतो, यंत्रमानव दार कापत राहतो आणि म्हणतो, "मी इथेच आहे. दार उघडेपर्यंत माझ्याशी बोलत राहा."

यंत्रमानव असलं काही बोलला नव्हता. दार उघडलं नव्हतं आणि कॅप्टनही आला नव्हता.

थाप होती, तिथेच मिटली असती. पण ढब्बूने ते वाक्य मनात घट्ट धरून ठेवलं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की तो दाराला तोंड लावून नेमकं हेच म्हणायचा, आणि आतली रडणारी माणसं बोलता बोलता शांत व्हायची. हे आपण त्या यंत्रमानवाकडून शिकलो, असं तो येईल जाईल त्याला सांगायचा. आत्तासुद्धा लेकीला सांगत होता, "आज बघ, माझं वाक्य येणार!"

ते ऐकून ताईने जे केलं ते तिच्या वयाला शोभणारं नव्हतं, दवाखान्याच्या पाटीवरच्या पदव्यांना तर नव्हतंच. सगळे चहासाठी उठल्याचं बघून तिने शेवटची डिस्क उचलली आणि पर्समध्ये टाकली.

मग जी शोधाशोध झाली ती विचारू नका. गाद्या उलट्यापालट्या झाल्या. भाची सोफ्याखाली आडवी झाली आणि ओरडली, "आत्या, पाय वर घे ना!" आत्याने पाय वर घेतले आणि पर्स पोटाशी धरली. शेवटी भावजयीने दुकानदाराला फोन लावला.

"अहो, खोकं भरताना डोळे मिटून घेता का? रिकामी जागा विकता लोकांना?"

पलीकडून तो गयावया करत असलेला ऐकू येत होता. आपल्या पापाचं खापर भलत्याच माणसाच्या डोक्यावर फुटताना बघून ताईला राहवेना.

"ठेव गं फोन. डिस्क माझ्याकडे आहे." तिने पर्स उघडली. "ढब्बू, मी तेव्हा थाप मारली होती. यात तसलं काही नाहीये. तुला ताप होता रे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला रडू देऊ नका."

ढब्बूने हात पुढे केला, डिस्क घेतली आणि लावली.

सगळ्यांनी तो भाग बघितला. दार बंद राहिलं. यंत्रमानवाने त्यावर आपला लोखंडी पंजा ठेवला आणि तसाच उभा राहिला. यान पुढे निघून गेलं. पडद्यावर नावं सरकायला लागली.

"बाबा, तुमचं वाक्य?" लेकीने विचारलं.

"ते आत्याचं होतं," ढब्बू म्हणाला.

आता हा भडकणार, असं धरून ताई खाली मान घालून बसली. खरं तर तो भडकला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"तू केवढी होतीस तेव्हा?" त्याने विचारलं.

"दहा वर्षांची."

"आणि आई कुठे होती?"

"तुझं औषध आणायला गेली होती."

"म्हणजे हे सगळं तू एकटीने बघितलंस?" त्याने सावकाश विचारलं. "आणि मग आत येऊन माझ्याशी हसत बोललीस?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि लहान पोरीसारखं हमसून हमसून रडायला आलं. भावजयीने पाणी आणलं. भाची नुसती बघत राहिली, कारण आत्या रडते हे तिला माहीतच नव्हतं.

ढब्बूने रिमोट घेतला आणि तोच भाग पुन्हा सुरुवातीपासून लावला.

"सरक जरा," असं म्हणून तो तिच्या शेजारी बसला. "आता दोघं बघू."