बहुरूप्याची नोंद

रविराजशी लग्नाला तनुजाची एकच अट होती : रविवार तिचा. पाच दिवस हिंजवडीतली नोकरी, शनिवारी झोप, रविवारी पत्ते. 'पत्ते' ऐकताच रविराजच्या चिखलीच्या घरात त्याच्या आईने, विमलबाईंनी, घाईघाईने चहा ओतायला घेतला.

"तीन पानी?" रविराजचे वडील, कोंडाजीआबा म्हणाले.

"नाही आबा, प्राण्यांचे." तिने पर्समधून गठ्ठा काढला.

"रविवारी आमाला तीन-तीन साखरपुडे असत्यात. सून संगं लागती." आबांनी मांडी घातली. "शिकव. मला हरवलंस तर रविवार तुझा."

तिने थोडक्यात शिकवलं, प्रत्येक पानावर एक प्राणी, वर नाव, खाली त्याचे प्रकार, कधी त्याचा धंदाही, आणि लगेच पान टाकलं : सगळे वाघ बाद. तिचा हात आबांच्या 'वाघोबा' नावाच्या पानाकडे गेला.

"थांब. हे नाव झालं. आमच्या भिवाला सगळा गाव पाटील म्हणतोय, म्हणून काय त्यो पाटील हाय? नोंद कुठं असती?"

"चित्राखालच्या ओळीत. प्राण्याचा प्रकार तिथं."

आबांनी चष्मा लावला. "मांजर, सैनिक. वाघ कुठं लिवलाय?"

लिहिला नव्हता. वाघोबा वाचला. तीस वर्षं सातबारे वाचणाऱ्या माणसाला आपण नियम शिकवून बसलो, हे तनुजाला जरा उशिरा कळलं.

मग आबांना 'बहुरूपी' आला. ओळीत होतं : सर्व प्रकार.

"म्हंजी शेतकरीबी, सैनिकबी, मांजरबी?"

"सगळं. ज्या प्रकाराला जो फायदा, तो यालाही."

आबा खुलले. ते स्वतः कागदोपत्री शेतकरी, चाकणला धावणाऱ्या सहा ट्रकांचे मालक आणि दोन मंडळांचे अध्यक्ष होते. "ह्यो आपला माणूस."

बहुरूप्याने मांजरांची ताकद घेतली, शेतकऱ्यांची सवलत घेतली आणि दोन फेऱ्यांत तनुजाला टेकीला आणलं. तिच्या हातात एकच पान उरलं. तिने ते टाकलं : सगळे चोर बाद. आणि बहुरूपी उचलला.

"ए पोरी! त्यो चोर कुठनं झाला?"

"सर्व प्रकार, आबा. फायद्याला ओळ वाचली, आताही तीच वाचायची."

रविराज पंख्याकडे बघू लागला. आबांनी ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मग हार मानून उरलेली पानं खाली ठेवली.

"रविवार तुझा." ते विमलबाईंकडे वळले. "कपाटातलं गाठोडं काढ गं. ही नावाला भुलत न्हाई, ओळ वाचती."

"कसलं गाठोडं?" तनुजाने विचारलं.

"उताऱ्यांचं. लगीन झालं की सोमवारी कंपनीतनं आल्यावर बसत जाऊ. एकशे चारच हायत."