चौगुल्यांचा सोपा

मौलालीने पहार उचलली, भिंतीला टेकवली आणि पुन्हा खाली घेतली.

"केरबादा, नेमकं दावा. खिडकी हितं व्हती का तितं? भलत्याच जागी घाव बसला तर समदी भिंत हलंल."

केरबा चौगुले उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. खिडकी कुठे होती ते त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. लहानपणी तिच्या कठड्यावर बसून त्याने पाट्या भरभरून शेंगा फोडल्या होत्या. पण बोट दाखवायला हात वर जाईना. शेवटी त्याची बायको धोंडुबाई आतून आली. तिने वाटीत गेरू कालवून आणला होता. पदर खोचून ती भिंतीपाशी गेली आणि तिने बोटाने एक चौकोन ओढला. "एवढी व्हती," ती म्हणाली आणि केरबाकडे न बघताच आत निघून गेली.

पहिला घाव बसला तेव्हा केरबा तिथे नव्हता. तो गुळाच्या पेठेत कामावर निघून गेला होता.

शाहूपुरीतल्या एका अडतीवर केरबा तोलाईचं काम करायचा. चाळिशी उलटून चार वर्षं झाली होती. महाराज गादीवर बसले त्याच साली तो पेठेत लागला होता आणि गेली एकोणीस वर्षं गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, काट्यावर चढवत आणि उतरवत होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पेठेत त्याचा शब्द कुणी मोडत नसे, कारण काटा काय सांगतो त्यापलीकडे तो शब्दच बोलत नसे. घरात तर तेवढंही बोलायची वेळ येत नव्हती. घरात बोलायचे ते आबा.

आबा म्हणजे केरबाचे वडील. सारी हयात त्यांनी दरबारच्या पागेत काढली होती. घोडा असो की माणूस, त्यांच्या नजरेने उभा राहायचा आणि त्यांच्या नजरेनेच बसायचा. शुक्रवार पेठेतल्या त्या लहानशा घराचा पुढचा सोपा ही आबांची बैठक. भिंतीला तलवार, खुंटीला चाबूक, कोपऱ्यात कसर लागलेलं खोगीर आणि मधोमध गादी-लोड. चिलमीच्या नि दिव्याच्या धुराने भिंती तव्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. बायकांनी सोप्यात यायचं ते झाडायला, तेही आबा नदीवर गेल्यावर. धोंडुबाई चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली, पण त्या सोप्यात ती एकदाही बसली नव्हती. केरबाही बसला नव्हता. तो बाजूच्या बोळातून स्वयंपाकघरात शिरायचा आणि तिथेच चुलीपुढे जेवायचा.

केरबाला एक थोरली बहीण होती, बाळाबाई. घरात सगळे तिला आक्का म्हणत. कोल्हापुरात पलेग आला त्या साली तिचा नवरा गेला. गाव सोडून लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते. तिथे आक्काने आजाऱ्यांची सेवा केली. कुणाला पाणी पाज, कुणाचं अंथरूण बदल, असं करता करता तिथल्या डॉक्टरणीच्या नजरेत ती भरली. साथ ओसरली आणि आक्का एका संध्याकाळी पत्र्याची पेटी घेऊन सोप्यात उभी राहिली. सुईणीचं काम शिकायला जाणार आहे, म्हणाली. मराठ्याची लेक, पागेच्या हवालदाराची लेक, लोकांच्या घरी बाळंतपणं करत हिंडणार! आबांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "जायचं तर जा. पर मागारी ह्या सोप्याला पाय लावायचा न्हाय." आक्का वाकून पाया पडली आणि गेली. दारामागे उभा राहिलेला केरबा एक शब्द बोलला नाही. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता.

त्यानंतर आठवडाभरात आबांनी सोप्याची खिडकी विटांनी बुजवून टाकली. वाऱ्यातून रोग येतो, असं त्यांनी सांगितलं. पलेगचे दिवस ताजेच होते, सगळ्यांना ते पटलं.

आक्का शिकली आणि कुरुंदवाडला जाऊन राहिली. तिथे तिचं नाव झालं. केरबा वर्षातून एकदा वाडीला दत्ताच्या दर्शनाला म्हणून जायचा आणि कुरुंदवाडला तिच्या दारात जाऊन बसायचा. गुळाचा एक चांगला रवा घेऊन जायचा. ती भाकरी करून वाढायची. आबांचं नाव दोघंही काढत नसत.

मागच्या वर्षी आबा गेले. निरोप पोचला तशी आक्का आली, पण आली ती रस्त्यावर लिंबाखाली उभी राहिली. तिरडी उठली, बायका घरात परतल्या, तरी ती तिथेच. धोंडुबाईने तांब्या नेऊन दिला. आक्का रस्त्यात उभ्यानेच पाणी प्यायली. आत चला म्हणून धोंडुबाईने हात धरला, तर ती म्हणाली, "आबांचा शब्द हाय, धोंडू. त्ये गेलं म्हणून शब्द जातोय व्हय?" आणि उन्हातच स्टेशनाकडे चालू लागली.

हे धोंडुबाईच्या मनाला फार लागलं. वर्षभर तिने ते बोलून दाखवलं नाही. आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला ताट वाढता वाढता सांगितलं की मौलाली गवंड्याला बोलावलं आहे. सोपा बदलायचा. खिडकी फोडायची, भिंती खरवडायच्या, पांढरा चुना मारायचा, खाली फरशी बसवायची. केरबाच्या हातातला घास तिथेच थांबला. सोपा आबांचा आहे, असं काहीतरी तो पुटपुटला.

"म्हणून तर," धोंडुबाई म्हणाली. "वन्सं ज्या सोप्यात येनात त्यो सोपाच ऱ्हायला न्हाय म्हंजे झालं."

केरबा यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. धोंडुबाईने ते हो धरलं.

असं ते काम सुरू झालं. पहिले दोन दिवस केरबाने सोप्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी पेठेतून आला तर सवयीने बोळात शिरला आणि मधल्या दारातून त्याची नजर पुढे गेली. सोप्यात ऊन पडलं होतं. चांगलं हातभर ऊन, जमिनीवर आडवं. त्यात धूळ तरंगत होती आणि मौलाली त्या उन्हात बसून भाकरी खात होता. केरबा बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मुंडासं काढून ठेवलं आणि विचारलं, "मी काय करू?"

मौलालीने त्याला घोटायचं काम दिलं. ओल्या गिलाव्यावर गुळगुळीत गोटा फिरवत राहायचा, भिंतीला चमक येईपर्यंत. मौलालीचं कुटुंब तीन पिढ्या याच धंद्यात. गावातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्याच्या आज्याने घोटलेल्या. चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घातला की गिलावा दगडासारखा धरतो, असं तो म्हणायचा. मग केरबा अडतीवर फुटलेल्या रव्यांचा चुरा मागून आणू लागला. रोज संध्याकाळी तासभर तो भिंत घोटायचा. हात भरून यायचे, पण ते दुखणं त्याला बरं वाटायचं. उजव्या हाताने काटा सांभाळण्याखेरीज आपल्याला आणखी काही येतं, हे त्याला नव्याने कळत होतं.

इकडे धोंडुबाईने आबांचे लोड उसवले. आतल्या कापसाचे गोळे झाले होते. पिंजाऱ्याला दारात बसवून तिने तो पिंजून घेतला, तर तेवढ्याच कापसाच्या दोन जाड गाद्या झाल्या. त्यांना तिने चौकड्यांच्या कापडाची खोळ शिवली. तलवार देवघरात गेली. खोगीर पागेतल्या एका जुन्या मोतद्दाराने हौसेने मागून नेलं. चाबूक मात्र कुणी मागितला नाही. केरबाने तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

भिंती घोटून होत आल्या होत्या, खिडकीची चौकट तेवढी बसायची होती, तेव्हा एका संध्याकाळी गणपतराव आले. गणपतराव म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, पलीकडच्या गल्लीत राहणारे. सत्तरीचे होते, पण काठी टेकत गल्लीतून निघाले की अजून पोरं खेळ थांबवत. केरबा त्यांना तात्या म्हणायचा. तात्या उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी पांढऱ्या भिंती पाहिल्या, रिकामी खुंटी पाहिली, खिडकीच्या जागी पडलेलं भगदाड पाहिलं.

"दादाची बैठक मोडलीस," ते म्हणाले. "कुणाला इचारून?"

केरबाच्या हातात गोटा होता. कोपरापर्यंत चुना. असा प्रश्न आला की मान खाली घालायची, ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. मान खाली गेलीही. पण तोंडातून शब्द आले.

"कुणालाबी न्हाय इचारलं, तात्या. घर माझं हाय."

मधल्या दारात धोंडुबाई थिजून उभी राहिली. मौलालीने थापी खाली ठेवली. आपलाच आवाज ऐकून केरबाला धाप लागली होती, तरी तो पुढे बोलला. "आक्काला आणायची हाय. चौदा वर्सं झाली. मी त्या दिशी दाराआड हुतो, तात्या. काय बोललो न्हाय. आता तिला बसायला जागा करतोय."

तात्या आता काठी आपटणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते आत आले. खिडकीतून काढलेल्या विटांचा ढीग भिंतीशी होता, त्यावर ते बसले. एक वीट त्यांनी हातात घेतली.

"ह्या म्याच आणून दिलत्या," ते म्हणाले. "रोगासाठी न्हाय बुजवली त्यानं. ती गेल्यावर चार दिस त्यो ह्या खिडकीत बसून हुता. कामावर न्हाय, जेवान न्हाय. रस्त्याकडं बघायचा. पाचव्या दिशी मला म्हणाला, गणपा, इटा आण. गवंडी बोलवू दिला न्हाय. आपल्या हातानं रचल्या."

"मग बोलवायचं हुतं की तिला," केरबा म्हणाला.

"बोलून बसलावता न्हवं. त्याला मागं फिरता येत न्हवतं. घोडं फिरवायचा, सोता न्हाय फिरला कदी."

तात्या उठले. जाता जाता मौलालीला म्हणाले की कठडा चांगला रुंद कर, माणसाला बसता आलं पाहिजे.

आठ दिवसांनी केरबा कुरुंदवाडला गेला. रवा घेतला नाही, रिकाम्या हाताने गेला. आक्काच्या दारात बसून त्याने सगळं सांगितलं, तात्या बोलले तेसुद्धा. एवढं बोलण्याची सवय नसल्याने त्याचं पुढचं मागे आणि मागचं पुढे होत होतं. आक्का ऐकत राहिली. नंतर शेजारणीला सांगून तिने कोंबड्या तिच्याकडे सोपवल्या, दोन लुगडी बांधली आणि दाराला कुलूप घातलं. बैलगाडीने दोघं स्टेशनावर आली आणि तिथून आगगाडीने कोल्हापुरात.

घर आलं तशी आक्का लिंबाखाली थांबली. खिडकीची हिरव्या रंगाची झडपं उघडी होती आणि रस्त्यावरूनच आतली भिंत दिसत होती. चुन्यात थोडी नीळ टाकली होती, त्यामुळे ती दुधासारखी दिसत होती. धोंडुबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो ओवाळून टाकला, आक्काच्या पायांवर पाणी घातलं आणि बाजूला झाली. या वेळी तिने हात धरला नाही.

आक्का स्वतःच आत आली. फरशी थंड होती. सोप्याच्या मध्यावर ती क्षणभर उभी राहिली, ज्या जागी पेटी घेऊन उभी होती त्याच जागी. मग खिडकीपाशी गेली. कठड्यावरून तिने तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. बाहेर रस्त्यावर तिने पाहिलं. तिच्या खांद्यांना हलका कंप सुटला तसं केरबाने तोंड फिरवलं आणि उगाच दाराची कडी ठीक आहे का ते बघू लागला.

थोड्या वेळाने आक्काने पदराने तोंड पुसलं. "धोंडू," ती म्हणाली, "भूक लागलीया. काय केलंस?"

त्या दिवशी तिघं सोप्यातच जेवली. पंगत मांडली नाही की काही नाही, नव्या गाद्यांवर बसून पिठलं आणि भाकरी. धोंडुबाई आधी बसायला तयार होईना. मी वाढते, म्हणून उभीच राहिली. मग आक्काने तिचं ताट ओढून आपल्याशेजारी ठेवलं. धोंडुबाई बसली. दोन घास खाऊन तिने चारी बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाली की हितनं छत किती उंच दिसतंय, झाडताना कधी ध्यानात आलं नव्हतं.

आक्का चार दिवसांसाठी म्हणून आली होती. पण शिकलेली सुईण आली आहे, ही बातमी शुक्रवार पेठेत पसरायला चार दिवस लागले नाहीत. शेजारच्या चिमणाबाईची सून अवघडलेली होती. आधी ती आली, मग तिच्या मागोमाग आणखी कुणी कुणी. आक्काचं परत जाणं आधी अमावस्येवर गेलं, मग सणावर, मग त्याची गोष्ट कुणी काढीनासं झालं. शेवटी केरबाच कुरुंदवाडला जाऊन कुलूप काढून तिची पेटी आणि कोंबड्या घेऊन आला.

एकदा तो पेठेतून लवकर सुटला. ऊन कलायला लागलं होतं. घरापाशी आला तर सोप्यातून बायकांचा गलका ऐकू येत होता. दारातून त्याने पाहिलं. सात-आठ जणी फरशीवर बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाचं पोट पुढे आलेलं. आक्का खिडकीच्या कठड्यावर बसली होती आणि एका पोरीचा हात हातात घेऊन तिला काही समजावून सांगत होती. धोंडुबाई मांडी घालून मधोमध बसली होती. चिमणाबाईचं लक्ष दाराकडे गेलं.

"केरबा, जरा भाईरच थांब, बाबा," ती म्हणाली. "हितं बायकांचं चाललंय."

केरबा मागे फिरला आणि दारापुढच्या कट्ट्यावर टेकला. मुंडासं काढून त्याने मांडीवर ठेवलं. आतून कुणाचं तरी हसू आलं, मग सगळ्याच हसल्या. पेठेतला आकाराम हमाल त्या वेळी रस्त्याने चालला होता. आपल्याच दारात भिकाऱ्यासारखा का बसलायस, असं त्याने विचारलं.

"आत पावणं हाईत," केरबा म्हणाला आणि सरकून त्याने आकारामला शेजारी जागा करून दिली.